टँटी डोराचा उडता मासा

पोर्ट ऑफ स्पेनच्या बेलमाँट वस्तीत थिओडोरा लेझामाला कुणी थिओडोरा म्हणत नाही. लहानथोर सगळ्यांची ती टँटी डोरा. टँटी म्हणजे मावशी, पण मावशीचा लाघवीपणा हिच्याकडे औषधालाही सापडायचा नाही. कार्निव्हलचे पोशाख ज्या तारेच्या सांगाड्यावर उभे राहतात, तो सांगाडा वाकवण्याचं काम ती बेचाळीस वर्षं करते आहे. हे बायकांचं काम नव्हे, असं तिच्या नवऱ्याचे दोस्त म्हणायचे. त्यांच्याच नाती आज तिच्या दारात पंखांसाठी ताटकळतात.

यंदा मात्र नाचणाऱ्यांच्या मेळ्याचा प्रमुख रॉडरिक कुरकुरत होता. परदेशातून हलके, तयार सांगाडे मिळत असताना म्हातारीच्या नादी कशाला लागायचं? शेवटी ठरलं ते असं, की मेळ्याच्या राणीचा, म्हणजे सगळ्यांत मोठा, पोशाख डोराने करायचा आणि कार्निव्हलच्या मंगळवारी सव्हाना मैदानातल्या मंचावरून तो नीट नाचत गेला, तरच पुढचं काम तिच्याकडे. राणी होती तिची भाची कमील, टोरँटोहून खास सुट्टी काढून आलेली. पोशाख म्हणजे बारा फुटी पंखांचा उडता मासा.

मंगळवारी सकाळी मेळा निघाला. ट्रकवरच्या भोंग्यांनी छाती दणाणत होती. कमरेला पक्कड खोचून डोरा मागून चालली होती, आणि पहिल्याच वळणावर ती थबकली. मासा उडत नव्हता, नाक खाली घालून फरफटत होता. कमीलला तोल सावरता सावरता नाकी नऊ आले होते.

"मी सांगत होतो," रॉडरिक म्हणाला. "तार जुनी, हातही जुने."

"तोंड तुझंही जुनंच आहे, ते बंद ठेवतोस का कधी?"

बोलून गेली खरी, पण आतून ती पार हादरली होती. तिने कमीलला कडेला घेतलं, कमरपट्टा चाचपला, खांद्यांचे पट्टे ओढून पाहिले. सगळं जागच्या जागी. मग तिची नजर खाली गेली. गुडघ्यापर्यंत सोनेरी बूट, चार इंची टाचा.

डोरा सगळ्यांची मापं अनवाणीच घ्यायची. तिच्या उमेदीत नाचणारे सपाट कापडी जोडे घालत. टाच चढली की कंबर पुढे जाते, आणि कमरेवर तोललेला सांगाडाही. निम्म्या बाया आता असलेच बूट घालतात, हे दिसत असूनही तिने कधी विचारलं नव्हतं.

बेचाळीस वर्षांत न निघालेले शब्द भर रस्त्यात, रॉडरिकच्या देखत निघाले. "चूक माझी आहे. बुटांचं विचारायला हवं होतं मी."

कमीलने खांबाला धरून एक पाय पुढे केला. "ओढ, टँटी."

"अगं, डांबर तापलंय. भाजशील."

"भाजू दे. तुझा मासा मी खाली मान घालून नेणार नाही."

मंचावर ती अनवाणी चढली आणि पंख असे उघडले, की समोरची माणसं उठून उभी राहिली. मासा डुलला, गिरकी घेऊन वर झेपावला. डोराला अभिमान वाटला, त्या पोरीचा. आणि स्वतःचाही, खोटं कशाला बोला!

पलीकडे उतरल्यावर कमीलची पावलं मांडीवर घेऊन डोरा जमिनीवर बसली होती. रॉडरिक ते सोनेरी बूट हातात धरून समोर आला.

"टँटी, पुढच्या वर्षी मापं बुटांसकट घ्याल ना?"

डोराने वरसुद्धा पाहिलं नाही. "आधी पाणी आण," ती म्हणाली. "माझ्या राणीचे पाय भाजलेत."