पुलावरचे पणजोबा

"पूर्ण नाव? वडिलांचं नाव? जन्म कुठला? इथं येऊन किती दिवस झाले? आणि कुटुंबप्रमुखाशी नातं?"

दूधविनायकाच्या गल्लीत भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा इंदूताईंनी दारातच मला हे पाच प्रश्न विचारले. शेवटच्या प्रश्नाला मी गोंधळलो. एकटाच आलोय, म्हटलं. "मग तुम्हीच कुटुंबप्रमुख," असं म्हणून त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी नाशिकहून बनारसच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायला आलो होतो. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. इंदूताई गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, लग्न केलं नव्हतं. खालच्या मजल्यावर त्यांचे थोरले भाऊ नाना राहायचे. ते दुर्गाघाटावरच्या वेदपाठशाळेत शिकवायचे. वरच्या मजल्यावर ताई आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत मी. तीन पिढ्या बनारसमध्ये गेल्यामुळे ताईंच्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली असे. "दिक्कत काय आहे?" हा त्यांचा आवडता प्रश्न. ज्या गोष्टीला दहा लोक अशक्य म्हणत, तिथं त्या मान तिरकी करून हेच विचारायच्या.

सरकार शिक्षकांना जनगणनेच्या कामाला जुंपतं आणि शिक्षक ते चुकवायला बघतात. ताई मात्र ते मागून घ्यायच्या. तीन जनगणनांमध्ये ब्रह्माघाटापासून पंचगंगेपर्यंतच्या सगळ्या गल्ल्या त्यांनी घरोघर पालथ्या घातल्या होत्या. त्याबद्दल बोलताना त्या खुलायच्या. "लोक वय चोरतात, शिक्षण फुगवतात. पण मुलं किती झाली नि किती गेली हे विचारलं ना, की बाई खरंच सांगते. आधी थोडं थांबते, मग सांगते. त्या थांबण्याला आपल्या फॉर्मात जागा नसते, प्रोफेसर." मला त्या प्रोफेसरच म्हणायच्या. मी तेव्हा साधा अधिव्याख्याता होतो, पण सांगूनही त्यांनी ते बदललं नाही.

एका रविवारी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. महिन्यापूर्वी त्यांची म्हातारी आत्या गेली होती आणि तिची ट्रंक आवरताना तळाशी एक इंग्रजी कागद सापडला होता. "ह्यात काय लिहिलंय ते सांगा. मत नको, फक्त मजकूर."

कँटोन्मेंटमधल्या चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीची ती नक्कल होती. मुलीचं नाव मार्था. बाप जोसेफ इबर्ट, धंदा पुलाच्या कामावर रिव्हेट ठोकणं. आईच्या रकान्यात नाव नव्हतं. 'एक देशी स्त्री' एवढंच लिहिलेलं. मी वाचून दाखवलं आणि कागद उलटा केला. मागं देवनागरीत, बोरूच्या जाड अक्षरांत लिहिलं होतं : 'चि. भागीरथी, मुक्काम दुर्गाघाट.'

ताई खुर्चीवर बसल्या. भागीरथी म्हणजे त्यांची आजी, वडिलांची आई. ती अनाथ होती, दुर्गाघाटावरच्या एका भिक्षुकांनी तिला सांभाळून लग्न करून दिलं, एवढंच घरात सांगितलं जायचं. भिक्षुकबुवांना ती मामा म्हणायची.

"म्हणजे मामा मानलेला नव्हता, सख्खाच होता. नाहीतर दुर्गाघाटचा भिक्षुक गोऱ्याची मुलगी घरात कशाला घेईल?" ताई सावकाश म्हणाल्या. "आणि माझे पणजोबा राजघाटच्या पुलावर खिळे ठोकत होते." मला वाटलं, आता रडतील किंवा कागद लपवतील. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा माणूस आला कुठून, हे कसं कळेल?"

पुढच्याच आठवड्यात आम्ही सायकलरिक्षानं जुन्या गोऱ्या लोकांच्या कबरस्तानात गेलो. साहेबांच्या कबरींवर देवदूत होते, लांबलचक मजकूर होते. ताईंनी तिकडं पाहिलंही नाही. कुंपणाच्या बाजूला, जिथं साधे दगड होते, तिथून त्यांनी सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक आडवा पडलेला दगड सापडला. जोसेफ इबर्ट, वय तेहतीस, लँकेशायरमधल्या एका गिरणीगावचा. दगड बरोबरच्या कामगारांनी बसवलेला. ताईंनी पदरानं त्यावरची माती पुसली. "तेहतीस म्हणजे तुमच्याएवढाच की," त्या मला म्हणाल्या. खरं म्हणजे मी तीस वर्षांचा होतो, पण त्या वेळी ते दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

मग पत्रं सुरू झाली. त्या गिरणीगावच्या ग्रंथालयाला मी ताईंच्या वतीनं लिहिलं. तिकडे शिरगणतीला शंभर वर्षं झाली, की तिचे कागद कुणालाही पाहता येतात. ग्रंथालयातल्या एका बाईंनी आपुलकीनं शोध घेतला आणि दोन महिन्यांनी कळवलं, की इबर्ट नावाचं एकही घर गावात नव्हतं.

इथवरचं नानांच्या कानावर गेलं नव्हतं. ते पत्र मात्र पोस्टमननं त्यांच्याच हातात दिलं. पाकीट इंग्लंडचं, नाव बहिणीचं. संध्याकाळी जिन्यात त्यांनी ताईंना गाठलं. मी वरच होतो, सगळं ऐकू आलं.

"पाठशाळेत मुलं माझ्यासमोर बसतात. त्यांचे बाप कूळ विचारून मुलं पाठवतात. आणि तू आपल्या आजीचा बाप पुलावरचा गोरा मजूर म्हणून गावभर करणार?"

"गोरा होता हे खुपतंय का मजूर होता हे?"

"दोन्ही," नाना म्हणाले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला आजही आवडतो. "मामांनी हा कागद झाकून ठेवला होता तो का ठेवला असेल? वर काढण्यासाठी?"

"जाळण्यासाठी असता तर जाळला असता," ताई म्हणाल्या.

त्या दिवसापासून नानांनी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. एका घरात राहून, एका नळावर पाणी भरून, जवळजवळ दोन वर्षं. काही सांगायचं झालं तर ते मला सांगत. "त्यांना म्हणावं, गच्चीवरचे पापड आत घ्या, ढग आलेत." ताई तिथंच उभ्या असायच्या. त्या पापड आत घ्यायच्या आणि मला म्हणायच्या, "सांगा, घेतले." भाडेकरू म्हणून आलेला मी त्या घरातला टपाल्या झालो.

आजीच्या आईचं नाव मिळावं म्हणून ताई दुर्गाघाटावरच्या एका तीर्थोपाध्यायांकडेही जाऊन आल्या. मामांच्या घराण्याची वंशावळ त्यांच्या वहीत होती. दुपारी परत आल्या. मी चहा केला. कप घेऊन म्हणाल्या, "मामांच्या नावापुढं एक नाव होतं. त्यावर शाई फिरवलीय. इतकी, की कागद फाटलाय." बालपणीच विधवा झालेली बहीण असणार, असा त्यांचा अंदाज होता. पण तो अंदाजच.

इबर्टचं कोडं त्यांनी सोडवलं ते भाजी निवडताना. "प्रोफेसर, तुमचे इंग्रज बोलताना कुठलं अक्षर गिळतात का?"

मी म्हटलं, तिकडचे कष्टकरी लोक शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' खातात. हाउसला आउस म्हणतात.

ताईंचा हात थांबला. "तो स्वतः लिहीत नसणार. आमच्या गल्लीत एकानं मला नाव सांगितलं रामऔतार. मी तसंच लिहिलं. मागं त्याचा शिकलेला मुलगा आला, म्हणाला, बहनजी, रामावतार लिहा. नाव सांगणाऱ्याचं तोंड आणि लिहिणाऱ्याचा कान, यातून कागद तयार होतो. तुम्ही त्या बाईंना 'ह' लावून शोधायला सांगा."

हिबर्ट लगेच सापडले. ग्रंथालयातल्या बाईंनी तीन शिरगणत्यांच्या नोंदी उतरवून पाठवल्या. ताईंनी त्या टेबलावर पसरल्या आणि हाताखालच्या शिक्षकानं भरलेले जनगणनेचे फॉर्म तपासावेत तशा तपासल्या. पहिल्या नोंदीत जोसेफ सात वर्षांचा, शाळेत जाणारा. बाप कोळशाची गाडी हाकणारा, आई मार्था, लोकांचे कपडे धुणारी. धाकटी बहीण एलन. दुसऱ्या नोंदीत बाप नाही. सतरा वर्षांचा जोसेफ बॉयलरच्या कारखान्यात रिव्हेट तापवून देतोय, एलन सूतगिरणीत. तिसऱ्या नोंदीत फक्त मार्था आणि एलन, आणि एका खोलीत आणखी दोन भाडेकरू.

"मुलीला आईचं नाव दिलं त्यानं," ताई म्हणाल्या. मग बोटांवर हिशेब करून हसल्या. "ह्या मार्थाबाई दहा वर्षांत सातच वर्षांनी वाढल्यात. आमच्या गल्लीतल्या असत्या तर मी ओळखलं असतं." पुन्हा पहिल्या कागदाकडे वळून म्हणाल्या, "शाळेत जातो असं लिहिलंय खरं. किती दिवस गेला असेल हो?"

त्या दिवसांत ताई त्या माणसांविषयी शेजारी असल्यासारखं बोलायच्या. सूतगिरणीत पायात काय घालत असतील, कपडे वाळत कसे असतील तिथल्या हवेत, एका खोलीत दोन भाडेकरू म्हणजे एलन झोपायची कुठं. मला इंग्रजी साहित्यातले लॉर्ड आणि सरदार ठाऊक होते. यातलं मला काहीच सांगता यायचं नाही. मी माझ्या लायब्ररीत शोधायला लागलो, ते ताईंमुळे.

ग्रंथालयातल्या बाईंनी तिथल्या वर्तमानपत्रात दोन ओळी छापून आणल्या, आणि एलनची पणती निघाली. नाव डोरिस. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करून निवृत्त झालेली. तिचं पहिलं पत्र चार ओळींचं होतं. दुसऱ्या वेळी जाड पाकीट आलं. त्यांच्या घरातल्या जुन्या बायबलमध्ये दोन पत्रं ठेवलेली होती, त्यांच्या झेरॉक्स तिनं पाठवल्या होत्या. आमच्या घरात ती कुणी फेकली नाहीत, एवढंच तिनं सोबत लिहिलं होतं.

पहिलं पत्र जोसेफनं बनारसहून कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. ज्यानं ते लिहिलं त्यानं जोसेफचं बोलणं फारसं सुधारलं नव्हतं. मी वाचत गेलो, मराठीत सांगत गेलो. 'आई, हे पत्र पाद्र्याकडून वाचून घे, शेजारच्या बाईकडून नको. मला मुलगी झाली. तुझं नाव ठेवलंय. तिच्या आईला तिच्या लोकांनी टाकलं, पण तिचा भाऊ कधी कधी येतो आणि फळं ठेवून जातो, आत येत नाही. ती चांगली बाई आहे. मला तिची भाषा येऊ लागलीय.' आणि मग तिचं नाव होतं. मला ते धड वाचता येईना. जमना बाय असं काहीतरी.

"परत वाचा," ताई म्हणाल्या. मी वाचलं. "यमुनाबाई," त्या म्हणाल्या. मी पत्राची घडी घालू लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. "राहू दे उघडंच."

दुसरं पत्र पुलावरच्या मुकादमाचं होतं, मार्थाबाईंना. जोसेफ तापानं गेला. चार दिवसांनी त्याची बायको गेली. तिचा भाऊ आला आणि मुलीला खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या देखत, भर दुपारी घेऊन गेला. मुकादमानं विचारलं, की तुझ्या लोकांना काय सांगशील. तर तो म्हणाला, मुलगी आमची आहे.

ताईंनी हे दुसरं पत्र माझ्याकडून मराठीत लिहवून घेतलं, आणि तो कागद खाली नानांच्या पोथ्यांच्या चौरंगावर ठेवून आल्या. बरोबर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी विचारलं, काही सांगू का नानांना? "नको. वाचू दे. दिक्कत काय आहे?" पण त्या संध्याकाळी त्या जेवल्या नाहीत.

पंधरा दिवस गेले. पितृपक्ष आला. सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी त्यांनी मला खालून हाक मारली. "तुम्ही दोघं बालाजी घाटावर या."

आम्ही गेलो तेव्हा ते गुडघाभर पाण्यात उभे होते. घाट माणसांनी भरलेला. त्यांच्या पाठशाळेतली काही माणसं चार पायऱ्या वर तर्पण करत होती. नाना वळून मला म्हणाले, "त्यांना विचारा, पणजीचं नाव नक्की काय."

ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मला सांगितलं, "यमुना. मामांची बहीण."

नानांनी हातात तीळ घेतले, नाव उच्चारलं, पाणी सोडलं. आवाज रोजच्यासारखाच होता, मोठा आणि स्वच्छ. वरच्या पायरीवरच्या एकानं मान वळवून पाहिलं. नानांनी पुन्हा तीळ घेतले आणि थांबले. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"इंदू, त्याचं गोत्र काय लावू?"

"तुला माहीत."

"गोत्र माहीत नसलं की काश्यप लावतात," ते म्हणाले. आणि त्यांनी काश्यप गोत्री जोसेफला पाणी दिलं.

घरी येताना भाऊबहीण पुढं चालत होते. काही विशेष बोलत नव्हते. तांदूळ संपलेत, सायंकाळी गुरुजी यायचेत, असलंच. मी मुद्दाम मागं राहिलो.

पुढं मला महाराष्ट्रात नोकरी मिळाली, मी परतलो. ताई पत्रं पाठवायच्या, त्यात डोरिसच्या गुडघ्यांची खुशाली असायची. त्या कामचलाऊ इंग्रजी शिकल्या होत्या आणि आता डोरिसला स्वतःच लिहीत होत्या. एका पत्रात त्यांनी कळवलं होतं, की गल्लीतल्या दोन बायका आपापल्या ट्रंका घेऊन त्यांच्याकडे आल्या होत्या.

काही वर्षांनी नानांचं अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर वळणदार, मजकूर थोडा. इंदू परवा पहाटे गेली. त्रास झाला नाही. दिवस घाटावरच करतो आहे. शेवटी लिहिलं होतं : 'नात्यातल्या सर्वांस कळवून झाले. डोरिसबाईंस कळवायचे तेवढे राहिले आहे. इंग्रजी मला येत नाही. आपण आमच्या घरातून म्हणून लिहावे.'