पाहुण्यांची बाथरूम

माझ्या पोराला मी शी करायला शिकवलं ते दुसऱ्याच्या कमोडवर. यात काही चुकतंय असं तेव्हा मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते. माझा स्वभावच तसा आहे.

लोणावळ्यात तुंगार्लीच्या अंगाला एक बंगला आम्ही सांभाळतो. नवरा केअरटेकर, आणि झाडूपोछा, चादरी, चहा-नाश्ता माझ्याकडे. शेठ मुंबईला असतात. शुक्रवारी दुपारी पाहुणे येतात, रविवारी संध्याकाळी जातात आणि मधले दिवस एवढा मोठा बंगला नुसता उभा असतो. आमची खोली मागच्या बाजूला, जनरेटरला लागून. तिच्या पलीकडे आमचा संडास, पत्र्याच्या दाराचा, आत उजेडाचं नाव नाही. शेठचा नियम एकच, की पाहुणे असोत नसोत, आम्ही कामापुरतंच आत जायचं. त्यात वावगं काही नाही. घर त्यांचं आहे.

पोरगा दोन वर्षांचा होऊन गेला तरी शी म्हटलं की पळायचा. सासूबाईंनी गावाहून फोनवर सांगितलं म्हणून मी पाय पसरून त्याला पायांवर बसवलं, तर तो लाकडासारखा ताठ झाला. बाजारातून बदकाच्या आकाराचं प्लास्टिकचं भांडं आणलं, त्यात त्याने आपल्या गाड्या लावून ठेवल्या. आमच्या संडासात नेलं तेव्हा त्याचा पाय तिथल्या बैठ्या भांड्यात घसरला, आणि तेव्हापासून पत्र्याचं दार दिसलं की तो माझ्या मानेला घट्ट धरून लोंबकळायचा. शेवटी काय, कॉटमागच्या कोपऱ्यात जाऊन चड्डीत. मी ओरडायचे, मग धुवायचे आणि धुता धुता परत ओरडायचे.

एका सोमवारी मी बंगल्यातल्या बाथरूम घासत होते. पोरगा सोबतच होता, त्याला कुठे ठेवणार? त्याचं तोंड लाल झालेलं दिसलं आणि नुकती पुसलेली फरशी वाचवायची म्हणून मी त्याला उचलून कमोडवर बसवलं. त्याने दोन्ही हातांनी कड धरली, माझ्याकडे पाहिलं आणि झालं. मग फ्लशचं बटण त्याच्या हाताने दाबलं. पाणी खाली गेलं तसा तो शीला टाटा करायला लागला. मी त्याचे इतके मुके घेतले की तो वैतागला.

त्यानंतर रोजचंच झालं. सकाळी मी आरसा पुसणार, हा बसून मला कावळ्या-चिमण्यांच्या बातम्या सांगणार, मग बटण, मग टाटा. कामापुरतंच जायचं या नियमात हे बसत नव्हतं, पण मी काम करतच होते ना. सासूबाईंना, बहिणीला, सगळ्यांना फोन करून मी सांगितलं की आमचा सुटला बाई. नवरा म्हणाला, "शनवार-रयवारी काय करनार?" मी म्हटलं, दोन दिवसांचा काय प्रश्न आहे, जाईल संडासात.

तो गेला नाही. शुक्रवारी गाड्या आल्या की तो शी धरून ठेवायचा, ती सोमवारपर्यंत. जेवण कमी व्हायचं, चिडचिड वाढायची. पाय एकमेकांत अडकवून, टाचा उचलून पडद्याला धरून उभा राहायचा. लोकांना वाटायचं नाचतोय. सोमवारी मी त्याला आत नेऊन बसवलं की कळ सोसत, रडत एकदाचं व्हायचं. डॉक्टरांनी गोड औषध दिलं. त्याला एकच जागा ठरवून द्या, म्हणाले, ओरडू नका आणि मधेच उठवू नका. जागा तर त्याने ठरवली होतीच. ती आमच्या हातात नव्हती एवढंच.

मग डिसेंबर अखेर आली. नाताळच्या आधीपासून एक पार्टी गेली की दुसरी, मधे सोमवार नाहीच. नवरा कोळसा, बर्फ, मटण आणण्यात आणि मी पराठे लाटण्यात. पोराने आधी जेवण सोडलं, मग दूध. पोट हाताला कडक लागत होतं. औषध दिलं की चड्डीला नुसते डाग पडायचे, आणि डाग पडले की तो घाबरून आणखी आवळून धरायचा. मी त्याला संडासाच्या दारात नेऊन हात जोडले, खरंच जोडले. त्याने बंगल्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी दुपारी पाहुणे टायगर पॉइंटला गेले. मी नवऱ्याला म्हटलं, किल्ली द्या. तो नाही म्हणाला. पोर्चमध्ये कॅमेरा आहे, तो शेठच्या मोबाईलवर दिसतो. "नोकरी गेली तर ह्ये छप्पर बी जाईल," तो म्हणाला. "गावाकडं चार भावांत एक खोली हाय. तितं नेनार का याला?" मी म्हटलं, आधी पोर वाचू दे, मग छपराचं बघू. किल्ली त्याने ओट्यावर ठेवली आणि बाहेर झाडांना पाणी घालायला गेला.

स्वयंपाकघराच्या दाराने मी आत गेले. तळमजल्यावरच्या खोलीत कुणाचे कपडे, कुणाची पावडर, कॉटवर एक लहान मुलाची टोपी. पोराला कमोडवर बसवलं. त्याने कड धरली, डोळे मिटले आणि कितीतरी दिवसांनी त्याचं शरीर सैल सुटलेलं मला दिसलं. सुरुवात झाली होती. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला.

मी त्याला उचललं. त्याचं अर्धंच झालं होतं. तो हात लांब करून परत कमोडकडे झेपावला आणि मी त्याला छातीशी आवळून कानात म्हणाले, "आपलं न्हाई ते. त्यांचं हाय." दोनदा म्हणाले. त्याने एकदम स्वतःला आवळलं. ते माझ्या हाताला कळलं. रडण्याचा आवाजसुद्धा त्याने बाहेर येऊ दिला नाही. एका हाताने फ्लश दाबून मी पळाले.

स्वयंपाकघरात पाहुण्यांपैकी एक बाई समोरच आल्या. त्यांच्या मुलाची टोपी राहिली होती. मी पोराला ओढणीत गुंडाळलं होतं, पण त्याचे पाय उघडे आणि माझं मनगट भरलेलं. पोटात दुखतंय त्याच्या, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी मनगट पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"अहो ताई, मग होऊ द्या ना त्याचं. आम्ही काय खाणार आहोत का त्याला?" त्या म्हणाल्या. त्यांनी स्वतः त्याचं बोट धरलं, खोलीतून बाथरूमपर्यंत नेलं, दिवा लावून दिला. मी मागे उभी. पोरगा दाराशी थांबला. त्याने कमोडकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"त्यांचं हाय," तो त्यांना म्हणाला.

बाई हसल्या. माझंच आहे रे, बस तू, म्हणाल्या. त्याने आपलं बोट सोडवून घेतलं आणि पाय आवळत, अडखळत माझ्याकडे आला. मला त्या बाईंचा राग आला. इतकं चांगलं वागायची त्यांना काही गरज नव्हती. त्यांनी हाकललं असतं तर मला निदान भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला मोटरसायकलवर मधे घेऊन दवाखान्यात गेलो. तिथे पोट मोकळं करायला जे करावं लागलं ते दोन नर्सना त्याला धरून करावं लागलं. नवरा बाहेर भिंतीकडे तोंड करून उभा होता. घरी येताना पोरगा माझ्या मांडीवर इतका गाढ झोपला की मी वाटेत त्याच्या नाकाशी बोट धरून पाहिलं.

शेठचा फोन येईल म्हणून आम्ही कित्येक दिवस धास्तीत काढले. मोबाईल वाजला की नवऱ्याचा चेहरा उतरायचा. फोन आलाच नाही. बाईंनी सांगितलं नसावं, किंवा शेठनी पाहूनही सोडून दिलं असावं. कळायला मार्ग नाही.

नवऱ्याने मग कुणाला न विचारता काम काढलं. खोलीतून वायर ओढून संडासात बल्ब लावला. जाड फळीला भोक पाडून ती भांड्यावर बसवली, म्हणजे पाय घसरायला नको. रोज सकाळी तो स्वतः दारात उकिडवा बसायचा आणि पोराचे दोन्ही हात धरायचा. "मी धरलंय. कुटं जात न्हाई मी," एवढंच म्हणत राहायचा. पाहुण्यांनी चहा मागितला तरी उठायचा नाही, मी जायचे. पहिल्यांदा झालं तेव्हा दोघंही घामाघूम होते. हळूहळू जमलं. आता तो एकटा जातो, बादलीत टमरेल बुडवून पाणी टाकतो आणि टाटासुद्धा करतो.

सगळे म्हणतात, सुटला एकदाचा. पण तो दुसरंही काहीतरी शिकला, ते सुटत नाही. आंबीला माझ्या माहेरी गेलो तर तो ओसरीवरच्या खुर्चीशी उभा राहिला आणि विचारलं, हे आपलं हाय का? मामाने उचलून बसवलं तरी कडेवरच टेकला. अंगणवाडीत सतरंजी टाकली की सगळी मुलं धावतात आणि हा बाजूला उभा. आधी विचारतो कुणाची आहे, मग बसतो. तिथल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, किती वळण लावलंय हो तुम्ही. मी मान हलवली आणि घरी येऊन भांडी आपटली.

परवा सकाळी मी बाहेर नळावर बादली भरत होते, नवरा पाइप गुंडाळत होता. संडासाचं दार ढकलून पोरगा आत गेला, चड्डी उतरवली आणि फळीवर बसायच्या आधी मागे वळला.

"आई, ह्ये आपलं हाय ना?"

नवऱ्याने हातातला पाइप तसाच धरून माझ्याकडे पाहिलं. संडास शेठचा, खोली शेठची, नळाचं पाणी शेठचं. फळी आणि बल्ब तेवढा आमचा.

"आपलंच हाय," मी म्हणाले. "बस तू."

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग बसला.