मास्कमधली मिरची आणि पक्याचं नवं रक्त

"अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया," डॉक्टर म्हणाल्या, आणि मोबाइलच्या पडद्यावर त्यांच्या शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ प्रकाश, म्हणजे आमचा पक्या, चक्क हसला. तो बंगळुरूच्या दवाखान्यात आणि मी नागपुरात, धरमपेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरात. हसला, कारण माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

"दादा, माशी जाईन," तो म्हणाला.

बोन मॅरो म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज. रक्त तिथं तयार होतं. या रक्ताच्या कर्करोगात तिथल्या पांढऱ्या पेशी बिघडतात, भराभर वाढतात आणि चांगल्या पेशींना जागाच ठेवत नाहीत. थकवा, हिरड्यांतून येणारं रक्त, मांडीवरचे निळे डाग, या सगळ्याला पक्या कित्येक आठवडे 'वर्क फ्रॉम होमचा त्रास' म्हणत होता. तुमच्या घरी कुणाला असं होत असेल तर हसण्यावारी नेऊ नका. साधी रक्ततपासणी करून घ्या.

केमो झाली. रेमिशन आलं. रेमिशन म्हणजे तपासणीत रोग दिसत नाही. मी हौशी नाटकवाला, मला ते माझ्या भाषेत कळलं: रोग गेलेला नाही, विंगेत उभा आहे. तो पुन्हा रंगमंचावर यायच्या आत पक्याला दुसऱ्या कुणाचा तरी निरोगी मगज हवा होता.

एचएलए टायपिंग नावाची तपासणी असते. आपल्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात, त्या दोन माणसांच्या जुळतात का ते तिच्यात बघतात. सख्ख्या भावंडांच्याही जुळतीलच असं नाही. आमचं दोघांचं नाक जुळत नाही, रंग जुळत नाही, राजकारणावरून तर दिवाळीच्या फराळाच्या बशा आपटल्या आहेत. पण पेशी जुळल्या, आणि पुरत्या जुळल्या.

"तुम्ही इथं पोहोचलात, तपासण्या झाल्या, की मगच मी त्याची जड केमो सुरू करणार," डॉक्टरांनी बजावलं. "तिच्यानं त्याचा मगज पूर्ण रिकामा होईल. ताप-खोकला असेल तर विमानात चढू नका. आणि उशीरही करू नका. रोग उलटला तर ही संधी बहुधा जाईल."

आणि तेव्हा करोनाची दुसरी लाट होती.

मी वरच्या खोलीत एकटा राहायला गेलो. सुनंदा, माझी बायको, दाराबाहेर ताट ठेवून मागे सरायची, जणू आत वाघ होता. स्वॅब दिला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. बाजारच्या मास्कवर मात्र सुनंदाचा भरवसा नव्हता. तिनं घरीच चार पदरी मास्क शिवला, उकळला आणि गच्चीवर नागपूरच्या उन्हात वाळवला. त्या उन्हात जंतू काय, जंतूंचे आजे-पणजेही वाचत नाहीत.

"गर्दीत हाच घालजा बरं," पाकीट बंद करून देताना ती म्हणाली.

विमानतळ पाहून मी भारावलो. जमिनीवर पावलांच्या खुणा, काचेआडून ओळखपत्र पाहणारा जवान, लांबूनच कपाळाचा ताप मोजणारं यंत्र. विमानात चढण्याआधी प्रत्येकाला तोंडासमोर धरायची पारदर्शक ढाल, आणि मधल्या सीटवाल्यांना वरून पांढरा झगा. इतकी वर्षं नाटकं केली, पण वेशभूषेचा एवढा मोठा विभाग पाहिला नव्हता. माझी सीट मधलीच. झगा मिळाल्यावर मी एक गिरकीसुद्धा घेतली.

रांगेत गर्दी दिसली. मी पाकीट फोडलं आणि सुनंदाचा मास्क चढवला.

दुसऱ्याच श्वासाला नाकात जाळ झाला. मी शिंकलो. मग खोकलो. मग शिंक आणि खोकला दोन्ही एकदम आले, त्यांच्यात भांडण लागलं आणि डोळ्यांतून धारा लागल्या. 'अंतर ठेवा, अंतर ठेवा' म्हणून ज्यांच्यापुढे कर्मचाऱ्यांचा घसा बसला होता, ते सगळे प्रवासी क्षणात भिंतीला टेकले. मी मध्ये एकटा, पांढऱ्या झग्यात. असा प्रवेश मला आयुष्यात मिळाला नव्हता.

त्यांनी मला तपासणीच्या खोलीत नेलं. तिथं पीपीई किटमध्ये एक तरुण डॉक्टर होती.

"सर, बोर्डिंग नाही. तुम्हाला लक्षणं आहेत."

मी तिला पक्याचं सांगितलं. रिकामा होणारा मगज, विंगेत उभा असलेला रोग, सगळं. मध्येमध्ये खोकत होतो, त्यामुळे ते आणखीच नाटकी वाटत असणार. मी अगदी खरं बोलत होतो आणि समोरच्याला ते खरं वाटत नव्हतं. स्टेजवर नेमकं उलटं होतं.

तिनं माझा मास्क काढून ट्रेमध्ये टाकायला लावला, नवा दिला आणि बोटाला ऑक्सिमीटर लावलं. हे यंत्र रक्तातला प्राणवायू मोजतं. आकडा उत्तम होता. आणि खोकला ओसरू लागला. नुसता ओसरला नाही, थांबला.

मी ट्रेकडे पाहिलं. मास्कच्या चुणीत काहीतरी पिवळं, चपटं होतं.

"मॅडम," मी ओरडलो, "बी!"

तिनं चिमट्यानं ते उचललं, दिव्यासमोर धरलं. आतापर्यंत ती अगदी छापील बोलत होती. आता म्हणाली, "काका, घरी मिरच्या वाळून राहिल्या का?"

सुनंदाचं माहेर भिवापूर. दर उन्हाळ्यात तिथली वर्षभराची लालभडक मिरची आमच्या गच्चीवर जुन्या साडीवर पसरलेली असते. डॉक्टरनं फोन लावायला सांगितलं आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, यांचा मास्क कुठं वाळवला होता?"

"दोरीवर."

"आणि मिरच्या?"

"मिरच्या खाली होत्या वं. दोरी वर होती. आता वाराच सुटला तं मी काय करू? काहून? अवो, तुम्ही पडले का कुठं? डॉक्टरीण काहून बोलून राहिली?"

पीपीई किटच्या आत खांदे हलताना मला दिसले. पण ती नियमाला पक्की होती. तिनं माझी रॅपिड अँटीजेन चाचणी केली. नाकातला नमुना पट्टीवर टाकतात. एक रेघ आली तर विषाणू सापडला नाही, दोन आल्या तर सापडला. दारात एअरलाइनचा माणूस वॉकीटॉकी घेऊन उभा होता.

"मॅडम, दार बंद करून राहिलो आता."

"थांब जरा, वेळ पूर्ण होऊ दे."

एवढ्याशा पट्टीकडे मी कधी देवाकडेही पाहिलं नसेल तसं पाहत होतो. तिनं घड्याळ पाहिलं, पुन्हा पट्टी पाहिली. एकच रेघ.

"जा, काका. तिथं पोहोचल्यावर पुन्हा तपासा. मिरचीले माफी आहे, करोनाले नाही."

मी विमानात शिरलो तेव्हा सगळ्या ढाली माझ्याकडे वळल्या. माझा डावीकडचा शेजारी खिडकीला चिकटला, उजवीकडचा जवळजवळ वाटेत लटकला.

"मंडळी," मी उभ्यानंच म्हणालो, "हा करोना नाही. ही सासरवाडीची मिरची आहे."

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं आणि ढालीवर वाफ धरली. पुढच्या प्रवासात कुणी काही खाल्लं नाही, पाण्याचा घोटही चोरून घेतला. त्या लाटेत हौसेनं कोण उडत होतं? ढालींच्या त्या रांगा पाहून मनात आलं, यातला प्रत्येक जण कुणाच्या तरी उशाशी निघालाय. माझ्यातला विदूषक गप्प झाला.

बंगळुरूत पुन्हा तपासलं, पुन्हा निगेटिव्ह. पक्याची जड केमो सुरू झाली. मला जीसीएसएफ नावाची इंजेक्शनं दिली. त्यांच्यामुळे मगजातल्या, रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी रक्तात उतरतात. हाडं ठणकतात, पण सोसवतं. मग अफेरेसिस: एका हातातून रक्त यंत्रात जातं, मूळ पेशी बाजूला निघतात, उरलेलं दुसऱ्या हातातून परत येतं. ऑपरेशन नाही, भूल नाही. तुम्हाला कुणी दाता होण्याविषयी विचारलं तर घाबरू नका, एवढ्यासाठी हे तपशील सांगतोय.

माझ्यातून निघाली एक छोटीशी पिशवी, टोमॅटोच्या साराच्या रंगाची. काचेपलीकडे ती पक्याच्या शिरेत सलाइनसारखी थेंबथेंब गेली. बस्स. त्या पेशी आपोआप त्याच्या हाडांत जाऊन बसणार होत्या.

"त्यांना पत्ता कुणी सांगितला?" मी विचारलं.

"याला होमिंग म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "कसं होतं ते आम्हाला थोडं कळलंय. सगळं अजून नाही."

मी त्या काचेला कपाळ टेकवून उभा राहिलो. माझ्या त्या पेशी कधी बंगळुरूला आल्या नव्हत्या, पक्याच्या अंगात तर नाहीच नाही. तरी त्यांना घर सापडलं. एन्ग्राफ्टमेंट झाली, म्हणजे रोप लागलं. पुढचे महिने सोपे नव्हते. ताप आले, तोंडभर फोड आले, पुन्हा भरती झाली. पण हळूहळू त्याचा रक्तगटही बदलला. जन्मापासून ओ असलेला माणूस माझ्यासारखा बी झाला.

या उन्हाळ्यात पक्या नागपूरला आला. गच्चीवर मिरच्या पसरल्या होत्या आणि सावलीत बसून तो कैऱ्या चिरत होता. सुनंदानं दोरीवर वाळत घातलेला मास्क पाहून त्यानं विचारलं, "वहिनी, हा कोणासाठी वं?" आणि हसता हसता सुरी निसटली.

बोटावर रक्ताचा एक टपोरा थेंब आला. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो. उन्हात तो मिरचीहून लाल दिसत होता.

"अबे लेका, जपून," मी म्हणालो. "माझं आहे ते."