चर्चच्या हॉलमधली हळद

“पास्टर, चर्चच्या हॉलमध्ये हळद? हे सगळं आपल्या पणजोबांनीच सोडलंय!” डेव्हिडकाका भर मीटिंगमध्ये उठून उभे राहिले.

मी नोएडातल्या एका छोट्या मराठी मंडळीचा पाळक. मंडळी म्हणजे आमच्या चर्चला येणारी माणसं. त्यांचा कारभार पाहणाऱ्या कमिटीत डेव्हिडकाका सर्वांत ज्येष्ठ. आमच्या क्वायरमध्ये गाणाऱ्या रूथचं लग्न ठरलं होतं. फ्लॅट लहान, म्हणून तिनं हळदीसाठी चर्चचा हॉल मागितला.

“नाही म्हणालात तर सरळ कोर्ट मॅरेज करीन,” तिनं मला सांगितलं होतं. “माझी हळद चालत नाही, तर यार, मी तरी कशी चालते?”

मी काकांना म्हणालो, “काना गावच्या लग्नात प्रभू येशूनं पाण्याचा द्राक्षारस केला. पाणी कशात होतं? यहुद्यांच्या शुद्धीकरणाच्या रिवाजाच्या रांजणांत. त्यानं ते फोडले नाहीत. भरायला लावले.”

“म्हणजे काहीही चालेल?”

“बिल्कुल नाही. प्रत्येक रिवाज तपासायचा. माणसाला कमी लेखत असेल तर बाहेर.”

पाळक घडवणाऱ्या सेमिनरीत याला इन्कल्चरेशन म्हणतात. म्हणजे श्रद्धा त्या त्या ठिकाणच्या भाषेत, रीतीभातीत रुजवणं. काकांना ते फारसं पटलं नाही, पण हॉल मिळाला. “येईन, पण लांब बसेन,” त्यांनी बजावलं.

हळदीच्या सकाळी आधी प्रार्थना झाली. मग बायका पुढे सरसावल्या. रूथची आई, सुनंदाताई, मात्र भिंतीशी उभ्या.

“ताई, पुढे या ना,” मी म्हणालो.

“नको पास्टर. रूथचे पप्पा गेले. पहिली हळद सवाष्णीनं लावावी.”

मी काही बोलण्याआधीच काका उठले; लांब बसायचं म्हणून त्यांनी त्याच भिंतीशी खुर्ची टाकली होती.

“सुनंदा, पोरीला एकटीनं वाढवलंस. आणि तिच्याच लग्नात तू अशुभ? हे मात्र मी चर्चमध्ये चालू देणार नाही!”

त्यांनी स्वतः हळदीची वाटी उचलली आणि ताईंपुढे धरली. ताईंनी बोटं वाटीत बुडवली. रूथच्या गालाला पहिली हळद आईचीच लागली.

“मम्मी, दुसऱ्या गालाला पण!” रूथ रडता रडता हसली.

लग्न आमच्याच चर्चमध्ये झालं. हॉलमध्ये आता हळद चालते. अट एकच, काकांनी घातलेली: पहिली हळद आईची, मग ती विधवा असो वा सवाष्ण.

कोणता रिवाज ठेवायचा, ते मीटिंगमध्ये ठरवता येतं. तो कुणाला भिंतीशी उभं करतो, हे बघायला मात्र कार्यालाच जावं लागतं.