वालाच्या शेतातले हळदीचे ग्लास

सन २०११ची गोष्ट, मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा. काल सानपाड्याला एका लग्नाच्या हळदीत सरबताचे स्टीलचे ग्लास ओळीनं मांडलेले पाहिले आणि उरणचं आमचं वालाचं शेत डोळ्यांपुढं आलं.

वालावर माव्याची कीड पडली होती, फुलं गळत होती. पाठीवरच्या पंपानं सगळं शेत वेळेत होईना, म्हणून साताऱ्याच्या आमच्या सुनेनं, सुमननं, माहेरून ट्रॅक्टरमागं ओढायचं फवारणी यंत्र आणवलं. मला ते पटलं नव्हतं.

औषध घालायच्या आधी तिनं टाकीत नुसतं पाणी भरलं, यंत्राचे दोन्ही लांब हात पसरले आणि प्रत्येक नोझलखाली, घरात हळदीच्या पंगतींसाठी ठेवलेल्या स्टीलच्या ग्लासांतला एकेक ग्लास ठेवला.

शेजारचा बाळू हसला, "काय गो वहिनी, वालाचं लगीन हाय का?"

पाणी सुटलं. सगळे ग्लास सारखे भरत होते, एकच मागं राहिला. त्याच्या नोझलचं तुंबलेलं भोक मोकळं करायला मी तार घेऊन पुढं झालो.

"मामा, तार नको!" सुमननं अडवलं. "भोक मोठं झालं की तिथं औषध जास्त पडंल, वाल करपंल."

"जन्मभर मी तारच घालतो."

"म्हणूनच तुमचा पंप गळतोय."

तिनं दातांच्या जुन्या ब्रशनं नोझल हळूच साफ केलं. ग्लास रिकामे करून पुन्हा पाणी सोडलं, तर सगळे ग्लास एकदम काठोकाठ भरून उन्हात चमकले. एवढं देखणं काम मी शेतात कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझा दातांचा ब्रश नोझलसाठी यंत्राच्या पेटीत ठेवला, बोटानंच दातांना मशेरी लावली आणि ट्रॅक्टर चालू केला.