बुद्धीचा रकाना

गौरेशला शहाणा म्हणणारा माणूस मला डिचोलीत अजून भेटायचा आहे. स्वतः गौरेश सोडून. सर्वण गावचा, वय बेचाळीस, औद्योगिक वसाहतीतल्या औषधी गोळ्यांच्या फॅक्टरीत टाइमकीपर. कामगार दोन मिनिटं उशिरा आला की याच्या तोंडावर जे समाधान पसरतं, ते लोकांना सणाचं जेवूनही मिळत नाही. बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, म्हणून हा प्राणी तीन वर्षं माझ्या वाट्याला आला.

त्याला एका खेळाचा नाद. टेबलाभोवती पाच-सहाजण बसतात, एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी योद्धा, कोणी चोर. आपल्या माणसाची ताकद किती, जीव किती उरला, हे ज्याने त्याने आपल्या कागदावर लिहायचं. आकडे फासा टाकून ठरतात. हा कागद चार पानी, रकाने त्रेसष्ट. नवीन माणूस तो बघूनच घरची वाट धरतो.

तर गौरेशने ठरवलं, आपण एका पानाचा सोपा कागद करायचा. पर्वरीची एक कंपनी असे खेळ पेटीत घालून विकते. कागद पसंत पडला तर पेटीवर छापून येणार होतं, ‘रचना: गौरेश’. म्हापशाच्या ज्या टोळक्यात हा दर शुक्रवारी खेळायला जायचा, तिथे त्याला कधी गोष्ट सांगू दिली नाही; मिरचीभजी आणायला मात्र पाठवायचे. ती पेटी त्याला त्यांच्यासमोर आपटायची होती.

दर आठवड्याला येऊन तो रकाने उडवायचा. उंची गेली, डोळ्यांचा रंग गेला, चौदा प्रकारची हत्यारं गेली. शेवटी पाचच उरले: नाव, ताकद, बुद्धी, जीव, सामान. कागद खरंच चांगला झाला होता. तिथे थांबला असता तर मी त्याच्याविषयी एक वाईट शब्द लिहिला नसता.

पण कंपनीची अट होती. पूर्वी कधीही न खेळलेल्या पाचजणांनी तो कागद घेऊन एक दुपार खेळायचं आणि भरलेले कागद स्कॅन करून पाठवायचे. गौरेशने फॅक्टरीतले पाच कामगार धरले, सगळे घाटावरचे, कोल्हापूर-बेळगावकडचे. हजेरी याच्या हातात, नाही कोण म्हणणार?

“घाट्यांक समजलां तर कोणाकय समजतलां,” तो मला म्हणाला. मग पडद्यावर बोट ठेवून, “श्रद्धा, हो बुद्धीचो रकानो काड गो. तेंका कित्याक जाय?”

त्यांना बुद्धी कशाला हवी, म्हणे. मी काढला. एका क्लिकचं काम. त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा आला होता. त्या क्लिकची मला आजही लाज वाटते.

रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत खेळ बसला, गोष्ट सांगायला गौरेश. गोष्टीत किल्ल्याचा दरवाजा आला, दारात पहारेकरी. लोडिंगवरच्या विजयने दोनदा ताकद लावली, दोन्हीदा मार खाल्ला. मग पॅकिंगमधली भाग्यलक्ष्मी पुढे सरकली. ती खानापूरकडची.

“मी त्याला सांगते, तुझी शिफ्ट संपली बाबा. मी रिलीवर आलेय. तू जा घरला.”

सगळे हसले. गौरेश सवयीने बोलून गेला, “बुद्धीर फासो उडय.”

तिने कागद उलटसुलट करून पाहिला. “सर, बुद्धी कुठं हाय?”

गौरेशने माझ्याकडे बघितलं. मी झेरॉक्स मशीनकडे बघितलं.

“ताकदीर उडय,” तो म्हणाला. “ढकल ताका.”

“ढकलायचं काम आठवडाभर करतोयच की, सर.” ती रागावली नव्हती. तिने पेन घेऊन कागदावर एक चौकोन काढला, वर ‘बुद्धी’ लिहिलं आणि फासा टाकला. पाच. पहारेकरी घरी गेला. बाकीच्या चौघांनीही आपापले चौकोन काढून घेतले.

सगळे गेल्यावर गौरेश म्हणाला, “स्कॅन करतना ते चौकोन पुसून काड.”

“तूच पूस,” म्हणून मी माउस त्याच्यापुढे सरकवला. तासभर बसून त्याने पाचही चौकोन पुसले. त्या तासात मला त्याची जेवढी किळस आली, तेवढी कोणाची आलेली नाही.

आठवड्याने कंपनीचं उत्तर आलं. कागद सुटसुटीत आहे, पण मारामारीशिवाय याच्यावर काही करता येत नाही. एखाद्याला डोकं चालवायचं असेल तर त्याने काय करायचं? नापसंत. गौरेश गावभर सांगत सुटला की कामगारांनी वाट लावली.

कामगारांना मात्र खेळ आवडला होता. त्यांनी माझ्याकडे खोली मागितली, मी दिली, आणि पाच रकान्यांचे कागदही छापून दिले. आता गोष्ट भाग्यलक्ष्मी सांगते. तिसऱ्या रविवारी गौरेश दारात येऊन उभा राहिला. म्हापशालाही आता जात नव्हता म्हणे.

“मियां येंव?” त्याने आत यायची परवानगी मागितली.

भाग्यलक्ष्मीने खुर्ची ओढली, पुढ्यात कोरा कागद ठेवला. त्याने नाव लिहिलं आणि लगेच बुद्धीच्या रकान्यात सहा.

“सर,” ती म्हणाली, “आकडा आपल्या मनानं न्हाई लिवायचा.” आणि फासा त्याच्यापुढे ठेवला.

त्याने टाकला. दोन पडले. विजयने वाकून सहावर काट मारली आणि बाजूला दोन लिहिले. खेळणाऱ्यांपैकी कोणी हसलं नाही. मी हसले.