कागदावर सव्वीस, हाडानं चोवीस

सायकलची शर्यत पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत डोळ्यांत तेल घालून बघणारा, पण ती जिंकली कोणी याची तिळमात्र फिकीर नसणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. ते मला तीस वर्षं ‘पाव्हणं’ म्हणतात. जुलै महिना लागला की सिडकोतल्या त्यांच्या दोन खोल्यांत रोज संध्याकाळी टीव्हीवर फ्रान्स अवतरतो. युरोपातल्या त्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याला पिवळी जर्सी मिळते, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पण पंचविशीपर्यंतच्या पोरांमध्ये जो पुढे असतो त्याला पांढरी जर्सी देतात, हे फक्त दाजींच्या गल्लीला ठाऊक आहे. पण गल्लीत मात्र भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांना. पहिला गडी रेषा ओलांडून हात वर करतो, टीव्हीतली माणसं ओरडतात, तेव्हा दाजी शेंगा सोलत असतात. मग मागून कोणी अकरावा, धुळीनं माखलेला, जीभ बाहेर काढून येतो आणि दाजी सोफ्यावरून उठतात. “हा खरा पयला,” ते अक्कांना सांगतात. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मेव्हणी. त्या पोळी लाटता लाटता “बरं” म्हणतात. गेली कित्येक वर्षं त्या नुसतं बरं म्हणत आल्या आहेत.

दाजींना सगळ्यात राग येतो तो एखाद्या पोरानं दोन्ही जर्स्या मिळवल्या म्हणजे. कारण मग तो अंगात पिवळीच घालतो, आणि पांढरी दुसऱ्या दिवशी वयानं बसणाऱ्या पुढच्या पोराला घालायला देतात. “उसनी देत्यात, पाव्हणं! लग्नात दुसऱ्याची शेरवानी घालावी तशी!” याबद्दल त्यांनी फ्रान्सला एक पत्रही पाठवलं होतं. पत्र मराठीत होतं. उत्तर आलं नाही, याचा अर्थ त्यांना मुद्दा पटला आहे, असं दाजी धरून चालतात.

शर्यतीपुरतं हे खूळ राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडत नव्हतं. पण दाजींनी ते आप्तेष्टांत आणलं. आमच्याकडे मानपानाला टॉवेल-टोपी देतात. दाजी कुठल्याही कार्यात खांद्यावर एक कोरा पांढरा टॉवेल टाकून येतात आणि पंचविशीच्या आतल्या पोरापोरींवर नजर ठेवतात. माझ्या पुतणीच्या लग्नात तो टॉवेल पंगतीत वरण न सांडता वाढणाऱ्या एका बावीस वर्षांच्या पोराला गेला. बुंदीचं घमेलं एकट्यानं फिरवणारा दुसरा एक जण रुसून म्हणाला, “दाजी, मी काय पाप केलं?” दाजी शांतपणे म्हणाले, “तू लई चांगला वाढतो, पण तुझं वय झालं.” तो सत्तावीस वर्षांचा होता आणि शेजारच्याच पाटावर त्याच्या होणाऱ्या सासूबाई जेवत होत्या. ते लग्न पुढे झालं, पण बरीच समजूत घालावी लागली. एकदा एका मयतीलाही ते टॉवेल घेऊन आले होते. अक्कांनी तो काढून पिशवीत घातला आणि पिशवीवर बसून राहिल्या.

पंचवीस पूर्ण होतात ते वर्ष पोराचं शेवटचं, हा दाजींनी शर्यतीवरून उचललेला नियम आहे. त्यामुळे एकतीस डिसेंबरला सकाळी ते त्या वर्षी पंचवीस झालेल्यांच्या घरी पेढे घेऊन जातात. माझ्या मुलाकडेही आले होते. त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले, “तुझं पांढरं संपलं बाबा. उद्यापासून थोरल्यांत धावायचं.” आमचा मुलगा बँकेत आहे आणि सायकल चालवत नाही, तरी दोन दिवस गप्प गप्प होता.

वय विचारताना ते आधी एक खुलासा मागतात: “कागदाचं का हाडाचं?” याचं मूळ त्यांच्या स्वतःच्या वयात आहे.

तरुणपणी दाजी वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर होते. पहिल्या पाळीला शहरातून सायकलींचा थवा निघायचा, त्यात दाजी पुढे. वारा कापायला कोणीतरी पुढे लागतंच, आणि बाकीच्यांचे डबे जड होते, असं ते सांगतात. अशात शहरात एक शर्यत निघाली. खुलताबादचा घाट चढून वेरूळपर्यंत जायचं आणि परत यायचं. दाजींनी सायकलचं कॅरिअर आणि मडगार्ड काढून ठेवलं आणि ते चौथे आले. पुढचे तिघे चांगले बापे होते. पंचविशीपर्यंतच्या पोरांत दाजी पहिले! त्या पोरांसाठी वेगळं बक्षीस होतं, एक पांढरा बनियन आणि स्टीलची कळशी. दाजी मंचावर चढले, बनियन हातात आला, आणि मांडवातल्या एकानं शाळेचा दाखला मागितला. दाखल्यावर एक जून ही जन्मतारीख होती आणि त्या हिशेबानं दाजींना सव्वीस पूर्ण झाली होती. बनियन हातातून काढून घेतला आणि नवव्या आलेल्या पोराला दिला.

दाजी तसेच सायकल मारत गावी गेले, पिशोरला. दिवेलागणीला पोहोचले. वाटेत डोळ्यांत धूळ गेली होती, असं ते म्हणतात. चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक मुलगा, त्याला उंबऱ्यात बसलेला बघून आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आरं, चारच वर्साचा व्हतास तू शाळंत गेलास तवा. तुझे हात लांब. गुरुजीला काय कळतंय?”

तेव्हा शाळेत घालायची रीत अशी होती: उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरता आला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचे. गुरुजी सहा वर्षं मागे मोजायचे आणि जून महिन्यात शाळा उघडते म्हणून एक जून लिहून टाकायचे. लांब हातांमुळे चार वर्षांच्या दाजींचा हात कानाला लागला आणि एका क्षणात ते दोन वर्षांनी म्हातारे झाले. म्हणजे शर्यतीच्या दिवशी कागदावर सव्वीस, हाडानं चोवीस. बनियन त्यांचाच होता.

पुढं घरात डिश आली, एका संध्याकाळी फ्रान्समधल्या एका पोराला मंचावर पांढरी जर्सी चढवताना दाजींनी पाहिलं, आणि ते आमच्या हातचे गेले.

ही दोन वर्षं दाजींनी कधीच सोडली नाहीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एकतीस मेला, त्यांच्या खात्यातले अकरा जण एकदम निवृत्त झाले, कारण अकराही जणांचा जन्म एक जूनचा. बाहेरून नवीन आलेल्या मॅनेजरनं निरोपाच्या भाषणाआधी एकाला बाजूला घेऊन विचारलं, “तुमच्याकडे एक जूनला काही विशेष असतं का?” दहा जणांनी शाल-नारळ घेतला. दाजींनी हात जोडले. “माझं आजून दोन साल बाकी हाय.” आणि दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन पाळीच्या वेळेला घराबाहेर पडले. कारखान्याच्या फाटकापर्यंत सायकलनं गेले, वॉचमनला नमस्कार केला, फाटकासमोरच्या लिंबाखाली डबा खाल्ला आणि परत आले. असं दोन वर्षं. मग एके दिवशी येताना शहागंजातून स्वतःच एक नारळ घेऊन आले, अक्कांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, “आज सुटलो.” अक्का “बरं” म्हणाल्या आणि चटणीला नारळ फोडला.

कोणी शंका घेतलीच, तर दाजी त्याला पिशोरला नेत. मलाही लग्नाच्या वर्षी नेलं होतं. त्यांच्या आईनं भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढली आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “चारच वर्साचा व्हता. हात लांब व्हते.” एवढी चोख साक्ष मी आमच्या कचेरीतही कधी ऐकली नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली. तेराव्याच्या दिवशी दाजी माझ्याजवळ येऊन बसले. टॉवेल नव्हता. म्हणाले, “पाव्हणं, माझा साक्षीदार गेला.”

आता गोष्ट इथंच थांबली असती. पण रविवारी पहाटे चकचकीत सायकली घेऊन दौलताबादकडे जाणाऱ्या डॉक्टर-इंजिनिअरांचा एक ग्रुप आहे. काळी, उंच, घंटीवाली सायकल घेऊन दाजी त्यांच्यात जातात आणि चढाला त्यांच्यातल्या अर्ध्यांना मागे टाकतात. त्यांना ही हकिकत कळली. कळली म्हणजे, दाजींनी दर रविवारी सांगितली. त्या भल्या लोकांनी वर्गणी काढून एक पांढरी जर्सी शिवून घेतली, पाठीवर दाजींचं नाव, आणि किल्ल्यासमोरच्या चहाच्या टपरीवर टाळ्या वाजवून त्यांच्या पुढ्यात धरली. दाजींनी कापड चिमटीत धरून पाहिलं. शिलाई पाहिली. मग नीट घडी घालून परत दिली.

“कागद दावल्याबिगर अंगाला लावणार नाय,” ते म्हणाले. “मला कागद मागितला व्हता. मी बी मागतो सगळ्यांना. मला वेगळा नेम का?”

मंडळींनी परोपरीनं समजावलं. शेवटी जर्सी अक्कांकडे ठेवायला दिली, आणि दाजी संध्याकाळी माझ्याकडे आले.

मी तालुक्याच्या कचेरीत जुन्या कागदांच्या खोलीत काम करतो. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, ज्यांना लोक कोतवाल बुक म्हणतात, लाल फडक्यांत बांधून माझ्या ताब्यात आहेत. तीस वर्षांत मी एकही खोटी नक्कल दिली नाही, आणि असलेल्या कागदाला नसलेला म्हणालो नाही. दाजींना हे माहीत होतं. म्हणूनच ते म्हणाले, “तुम्ही सांगाल ते खरं. हाय म्हणला तर घालतो, नाय म्हणला तर नाय घालत. माझी आय खोटं बोलली नाय येवढं कागदावर आलं की बास.”

पिशोरच्या वह्यांचा बस्ता सोडायला मला तीन दिवस धीर झाला नाही. का ते माहीत नाही. चौथ्या दिवशी सोडला. नोंद सापडली. वडिलांचं नाव, गाव, पुढे नुसतं ‘मुलगा’. चार बहिणींनंतर मुलगा एकच, तेव्हा दुसरा कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. मी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं, मग चहा पिऊन आलो आणि पुन्हा मोजलं. शर्यतीच्या दिवशी दाजी चोवीस वर्षांचे नव्हते. सव्वीसचेही नव्हते. सत्तावीस पूर्ण होते.

म्हणजे गुरुजींनी वय वाढवलं नव्हतं, उलट एक वर्ष माफ केलं होतं. शाळेत गेले तेव्हा दाजी सात वर्षांचे होते. सात वर्षांच्या पोराचा हात कानाला लागायचाच. ज्या कारखान्यानं दोन वर्षं आधी घालवलं म्हणून ते रोज फाटकापर्यंत जाऊन आले, तिथं त्यांनी मुळात वर्षभर जास्तच नोकरी केली होती. मला हसू यायला हवं होतं. पण मला दिसत होती ती दिवेलागणीला उंबऱ्यात बसलेल्या पोराकडे बघणारी ती बाई. तिला तारीख ठाऊक नव्हती, की ठाऊक असून तिनं ती बाजूला ठेवली, हे आता कोणी सांगू शकणार नाही. पोरगं रडत आलं होतं आणि तिच्याजवळ द्यायला बनियन नव्हता, म्हणून तिनं दोन वर्षं दिली. मग मरेपर्यंत ती त्या शब्दाला जागली.

मी बस्ता बांधला. गाठ दोनदा मारली.

दाजींच्या घरी गेलो, तेव्हा ते सायकलला तेल देत होते. मी म्हणालो, “दाजी, त्या सालाचं पानच नाही वहीत.” एवढं वाक्य बोलायला मला फार जड गेलं. दाजींनी माझ्याकडे बघितलं. मग तेलाची बाटली खाली ठेवली.

“नायच?”

“नाहीच.”

“म्हंजी व्हय म्हणणारा बी कुणी नाय, आन् नाय म्हणणारा बी कुणी नाय.”

“कोणी नाही.”

“मग चालतंय,” दाजी म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं, ती निराशा नव्हती. माणूस दवाखान्यातून रिपोर्ट न घेता परत आला की जसा सुटल्यासारखा चालतो, तसे ते उठून आत गेले आणि अक्कांना चहा टाकायला सांगितला. जर्सी घालायचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही. नियम म्हणजे नियम. कागद नाही, जर्सी नाही.

या जुलैत मी एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो होतो. टीव्हीवर शर्यत संपत आली होती. जर्सी सोफ्याच्या हातावर घडी घालून ठेवलेली होती. अक्का म्हणाल्या, न वापरता दर महिन्याला धुवायला लावतात. पहिला आला, दुसरा आला, दाजी शेंगा सोलत राहिले. मग बऱ्याच मागून एक कोवळं पोरगं आलं, आणि थोड्या वेळानं मंचावर त्याला पांढरी जर्सी चढवली. दाजी उठून उभे राहिले. काय मनात आलं कोण जाणे, त्यांचा उजवा हात हळूहळू वर गेला, डोक्यावरून पलीकडे उतरला आणि त्यानं डावा कान धरला.

“कानाला काय झालं?” अक्कांनी विचारलं.

“काय नाय,” दाजी म्हणाले. “हात लांबच हायेत माझे. व्हय का नाय, पाव्हणं?”

“लई लांब आहेत, दाजी,” मी म्हणालो. ते मात्र खरं होतं.